पैसा आहे, गिऱ्हाईक दाखवा: सोलापूरसारख्या शहरात पाणी-वीज-कचऱ्याच्या कामाला खासगी गुंतवणूक कशी आणायची

सूत उधारीवर देणारा सोलापूरचा व्यापारी मागाची जात विचारत नाही. टॉवेल कोणाला जातो, तो पैसे किती दिवसांत देतो आणि मागच्या दिवाळीला कोणाचे थकवले होते का, एवढंच विचारतो. बँका, विमा कंपन्या, पेन्शन फंड यांचे प्रश्नही तेच असतात. त्यांची उधारी मात्र पंधरा-वीस वर्षांची असते, म्हणून ते कागद जास्त मागतात.

गुंतवणूकदाराला शहराचं प्रेझेंटेशन दाखवणारे पुष्कळ. ‘सौर क्षमता भरपूर’, ‘मध्यवर्ती ठिकाण’, ‘राजकीय इच्छाशक्ती’ अशा स्लाइडवर कोणी कर्ज देत नाही. पैसे कोण भरणार, किती वर्षं भरणार आणि नाही भरले तर कुठून वसूल होणार, या तीन प्रश्नांना लेखी उत्तर असलं तर पैसा येतो. हे परदेशातल्या शहराला लागू आहे आणि सोलापूरलाही. हा लेख पालिकेतले अभियंते, लेखा विभागातली माणसं, नगरसेवक आणि या कामावर लक्ष ठेवणारे नागरिक यांच्यासाठी आहे. उदाहरण म्हणून सोलापूरचं एकच काम धरतो: सांडपाणी पुन्हा शुद्ध करून उद्योगाला विकणं.

पायरी १: आधी गिऱ्हाईक, मग प्रकल्प

आपल्याकडे उलटं चालतं. आधी डीपीआर, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल, मग भूमिपूजन, आणि मग पाणी घेणार कोण याची चौकशी.

सोलापूरच्या आसपास वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस पडतो. पाणी शंभर किलोमीटरहून लांब उजनीतून आणावं लागतं आणि नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणं इथे कोणाला नवं नाही. त्याच शहराच्या देगावच्या सांडपाणी केंद्राची क्षमता रोज ७५ दशलक्ष लिटर आहे. दक्षिण सोलापुरात फताटेवाडी-आहेरवाडीला एनटीपीसीचा १,३२० मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प आहे, आणि त्याला थंड करायला पाणी लागतं. शिवाय अक्कलकोट रस्त्याची एमआयडीसी आहे, पुणे रस्त्यावर चिंचोळीची आहे, आणि टॉवेल-चादरींचे रंगकामाचे कारखाने आहेत.

इथे एक नियम आपल्या बाजूचा आहे. केंद्राच्या जानेवारी २०१६ च्या वीजदर धोरणानुसार पालिकेच्या सांडपाणी केंद्राच्या ५० किलोमीटर परिघातल्या औष्णिक केंद्रांनी प्रक्रिया केलेलं पाणी वापरणं बंधनकारक आहे, आणि त्याचा खर्च त्यांना वीजदरातून वसूल करता येतो. गिऱ्हाइकाला घ्यावंच लागतं आणि त्याच्या खिशातूनही जात नाही. विक्रेत्याला यापेक्षा चांगली सुरुवात मिळत नाही.

हे नवंही नाही. मेक्सिकोतल्या सान लुइस पोतोसी या कोरड्या शहरात २००६ पासून तेनोरिओ केंद्राचं शुद्ध केलेलं सांडपाणी औष्णिक वीज केंद्राला जातं. विहिरीच्या पाण्यापेक्षा ते त्या केंद्राला सुमारे एक तृतीयांश स्वस्त पडलं. नागपुरात भांडेवाडीचं २०० दशलक्ष लिटरचं केंद्र खासगी भागीदारीतून झालं आणि तिथलं पाणी महानिर्मितीच्या वीज केंद्रांसाठी आहे. कापडवाल्यांना पटवायचं असेल तर सुरतेला घेऊन जा. पांडेसऱ्याच्या कारखान्यांना पालिकेचं ४० दशलक्ष लिटरचं केंद्र २०१४ पासून पाणी देतं.

गिऱ्हाइकाकडून पहिल्या महिन्यात एक कागद मिळवायचा: किती पाणी, कोणत्या दर्जाचं, कोणत्या दराच्या आसपास. हे पत्र बंधनकारक नसलं तरी चालेल. ते मिळत नसेल तर सल्लागार नेमू नका.

एक धोका इथेच लिहून ठेवतो. सौर वीज वाढतेय तसे कोळशाचे संच दिवसा कमी चालवावे लागतात. वीस वर्षांचा करार एकाच औष्णिक केंद्राशी केला तर पाण्याची मागणी कधीतरी घटणार. म्हणून दुसरं गिऱ्हाईक पहिल्या दिवसापासून कागदावर असू द्या. एनटीपीसी दक्षिणेला आणि चिंचोळी पुण्याच्या बाजूला, म्हणजे एकाच पाइपलाइनवर दोघं बसत नाहीत. खर्च वाढेल, तरीही निदान जोडणीची तरतूद आराखड्यात ठेवा.

पायरी २: वर्षभर मोजा

देगावची ७५ दशलक्ष लिटर ही केंद्राची क्षमता झाली. रोज आत येतं किती, हा आकडा वेगळा. गुंतवणूकदाराचा अभियंता पहिल्या भेटीत तोच मागतो आणि बऱ्याच पालिकांकडे त्याला द्यायला फक्त अंदाज असतो.

सोलापूरची एक खास अडचण आहे. नळाला पाणी भागाभागानं, दिवसांआड येतं, त्यामुळे गटारातही ते सारखं येत नाही. ज्या भागात पाणी सुटलं त्या भागाचा नाला त्या दिवशी भरतो. मे महिन्यात आवर्तन लांबलं की आवक खाली. एका आठवड्याच्या मोजणीवर वीस वर्षांचं कर्ज उभं राहत नाही. आत येणाऱ्या मुख्य वाहिनीवर मीटर बसवा, दर तासाची नोंद ठेवा आणि पुरे बारा महिने ठेवा. सोबत बीओडी, सीओडी (पाण्यातली घाण मोजणारे आकडे), गढूळपणा, अमोनिया, क्षार आणि लोह. कूलिंग टॉवरला क्षार आणि अमोनिया छळतात, रंगकामाला गढूळपणा आणि लोह. एमआयडीसीतलं रंगाचं पाणी चोरून नाल्यात येत असेल तर तेही याच नोंदीत दिसेल. ते आत्ताच सापडलेलं बरं, कारण करार झाल्यावर त्याचा दंड पालिकेला भरावा लागेल.

पायरी ३: एका पानावर हिशोब मांडा

शंभर पानांच्या डीपीआरआधी एक पान. खालचे सगळे आकडे मानलेले आहेत, पद्धत कळावी म्हणून.

समजा रोज ५० दशलक्ष लिटर, म्हणजे ५०,००० घनमीटर पाणी विकायचं. दर घनमीटरला २० रुपये. रोजचे १० लाख, वर्षाचे ३६.५ कोटी. चालवण्याचा खर्च घनमीटरला ८ रुपये, म्हणजे १४.६ कोटी. हातात राहतात २१.९ कोटी. कर्ज १०० कोटी, ९ टक्के, १५ वर्षं: वर्षाचा हप्ता साधारण १२.४ कोटी. हप्त्याच्या पावणेदोन पट पैसा उरतो. बँकेला हे आवडतं.

आता गिऱ्हाइकानं ७० टक्केच पाणी उचललं असं धरा. वसुली २५.५ कोटींवर येते. खर्च त्याच प्रमाणात कमी होत नाही, कारण माणसं आणि देखभाल तीच राहते. निम्मा खर्च स्थिर धरला तर तो १२.४ कोटी होतो. उरतात १३.१ कोटी. हप्त्याला जेमतेम पुरतात, आणि अशा प्रस्तावावर बँक दुसरी बैठक घेत नाही.

करारात ‘उचला किंवा न उचला, ८५ टक्क्यांचे पैसे द्या’ असं कलम घातलं की तेवढ्याच पाण्यावर वसुली ३१ कोटी होते, उरतात १८.६, म्हणजे हप्त्याच्या दीडपट. पाणी तेच, पाइप तोच. प्रकल्प वाचतो तो या कलमामुळे.

एक गंमत बघा. व्याज ९ ऐवजी ११ टक्के झालं तर हप्ता १२.४ वरून १३.९ कोटी होतो, म्हणजे दीड कोटींचा फरक. गिऱ्हाइकानं पाणी कमी उचललं तर पावणेनऊ कोटींचा. तरी पालिकेच्या बैठकांमध्ये भांडण होतं ते व्याजदरावर.

पायरी ४: पालिकेची वही

गिऱ्हाईक कितीही भरवशाचं असलं तरी मधे पालिका उभी असते. तिची वही नीट नसेल तर गुंतवणूकदार दर वाढवतो किंवा निघून जातो.

दुहेरी नोंद पद्धतीचे हिशोब, वेळेवर लेखापरीक्षण, मालमत्ताकराची मागणी किती आणि वसुली किती, पाणीपट्टीचं तेच, ठेकेदारांची थकबाकी आणि वीज बिलाची थकबाकी: एवढं निदान तीन वर्षांचं एका फाइलीत असावं. शासनाकडून येणारं जीएसटीचं अनुदान वेगळं दाखवा. स्वतःचं उत्पन्न आणि वरून आलेलं उत्पन्न यात पालिकेची पत ठरवणारी रेटिंग संस्था स्पष्ट फरक करते.

बाँड, म्हणजे पालिकेचे कर्जरोखे, काढायचा विचार असेल तर सेबीचे २०१५ चे नियम लागू होतात. मागच्या ३६५ दिवसांत कर्ज थकवलेलं नसावं, आधीच्या तीनपैकी एखाद्या आर्थिक वर्षात उत्पन्न-खर्चाच्या हिशोबात शिल्लक असावी, आणि सार्वजनिक विक्रीसाठी गुंतवणूक-योग्य रेटिंग हवं. पुण्यानं २०१७ मध्ये पाणी योजनेसाठी २०० कोटी ७.५९ टक्क्यांनी उभे केले, हे सगळे सांगतात. पुण्याचं स्वतःचं उत्पन्न सोलापूरच्या कितीतरी पट आहे, हे सांगायचं राहून जातं. सोलापूरनं थेट पुण्याची नक्कल करू नये. एखाद्या प्रकल्पाची कमाई बाजूला काढून फक्त तिच्यावर कर्ज घेणं, हा आपल्या ऐपतीचा रस्ता आहे.

पायरी ५: साचा निवडा

साचे बरेच आहेत. कामाचे तीन-चारच.

बचतीतून फेड. पथदिवे, पंप यांसाठी. कंपनी स्वतःच्या पैशानं यंत्रं बदलते आणि वाचलेल्या विजेतून पैसे घेते. आधीचं बिल नीट मोजलेलं असेल तरच हे जमतं, नाहीतर ‘वाचलं किती’ यावर कोर्टकचेरी होते. सुरुवात करायला हा साचा सगळ्यात सोपा.

हॅम, म्हणजे हायब्रिड अॅन्युइटी. नमामि गंगेमध्ये हे रुळलं. बांधकामाच्या काळात ४० टक्के सरकार देतं, उरलेले ६० टक्के कंपनी घालते आणि ते १५ वर्षांत व्याजासह परत मिळतात, पण केंद्र ठरलेल्या दर्जाचं पाणी देत राहिलं तरच. बांधून पळून जाणाऱ्या ठेकेदाराला यात जागा नाही. जिथे थेट गिऱ्हाईक नाही तिथे हाच साचा योग्य.

बांधा, चालवा, विका. पाणी विकण्याची जोखीम कंपनीवर. आपल्या देगावच्या उदाहरणाला हा बसतो, गिऱ्हाइकाचा करार पक्का असेल तर.

बाँड. गाझियाबादनं २०२१ मध्ये १५० कोटींचा हरित बाँड, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठीचा बाँड, काढला, तो सांडपाणी शुद्ध करून उद्योगांना देण्यासाठीच होता. सोलापूरला मात्र इंदूर जास्त जवळचं वाटावं. इंदूरला नर्मदेचं पाणी पंपानं लांबून आणावं लागतं आणि वीज बिल कंबर मोडतं. त्यांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये सामान्य गुंतवणूकदारांना खुला असलेला २४४ कोटींचा हरित बाँड ८.२५ टक्क्यांनी विकला आणि त्यातून खरगोन जिल्ह्यात ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प हाती घेतला. बिलातली बचत हीच फेड. उजनी आणि पाकणीच्या पंपांचं बिल समोर ठेवून हा हिशोब कोणीतरी एका दुपारी करून बघावा.

पंढरपूर, बार्शी, सांगोला, मंगळवेढा, अक्कलकोट यांना एकट्यानं बाँड काढणं परवडणार नाही. तमिळनाडूनं २००२ मध्ये १३ छोट्या शहरांची गरज एकत्र करून सुमारे ३० कोटींचा एकच बाँड काढला होता, मागे काही अंशी अमेरिकेच्या यूएसएड या मदत संस्थेची हमी होती. जिल्ह्यातल्या नगरपरिषदांनी एकत्र यायला हे उदाहरण पुरेसं आहे. अडचण पैशाची नाही, कोणाचं नाव आधी लिहायचं याची आहे!

परदेशी कर्ज स्वस्त दिसतं. वसुली रुपयात आणि हप्ता डॉलरमध्ये असला की रुपया घसरल्यावर तो स्वस्तपणा संपतो. कमाई ज्या चलनात, कर्ज त्याच चलनात.

पायरी ६: सरकारी पैसा कुठे वापरायचा

सगळं काम अनुदानातून करण्यापेक्षा अनुदान थोडं आणि नेमक्या जागी घालावं. जॉर्डनमधल्या अस-सम्रा सांडपाणी केंद्राच्या विस्तारात अमेरिकेच्या मिलेनियम चॅलेंज कॉर्पोरेशननं अनुदान दिलं, म्हणून दर आवाक्यात राहिला आणि बाकीचा पैसा बँकांनी घातला.

आपल्याकडे केंद्राच्या व्हायबिलिटी गॅप फंडात (गरजेच्या पण स्वतःच्या कमाईवर न परवडणाऱ्या प्रकल्पांची तूट भरणारा निधी) २०२० च्या बदलानंतर पाणी, सांडपाणी, घनकचरा यांना केंद्राकडून प्रकल्पखर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंत आणि राज्य किंवा संबंधित यंत्रणेकडून आणखी ३० टक्क्यांपर्यंत मदतीची सोय झाली. अट अशी की चालवण्याचा सगळा खर्च वसुलीतून निघाला पाहिजे. सल्लागाराच्या खर्चासाठी आयआयपीडीएफ या केंद्राच्या प्रकल्प-तयारी योजनेतून ५ कोटींपर्यंत मदतीची सोय २०२२ मध्ये झाली. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात १ लाख कोटींचा अर्बन चॅलेंज फंड जाहीर झाला. त्यातून खर्चाच्या २५ टक्क्यांपर्यंत मिळू शकतात, पण किमान निम्मे पैसे बाँड, बँककर्ज किंवा खासगी भागीदारीतून आणायचे. अर्ज करण्याआधी प्रत्येक योजनेची मुदत आणि त्या दिवशीचे नियम मंत्रालयातून तपासा.

पायरी ७: जोखीम ज्याला पेलते त्याला

करारात हेच खरं काम. बांधकाम लांबलं, यंत्र बिघडलं, पाण्याचा दर्जा घसरला: कंपनीची जबाबदारी. जमीन, रस्ता खोदायची परवानगी, रेल्वे आणि राष्ट्रीय महामार्गाखालून पाइप नेण्याची परवानगी, केंद्रात पुरेसं सांडपाणी पोचवणं: पालिकेची जबाबदारी. पाणी उचलणं: गिऱ्हाइकाची. विजेचा दर वाढला तर तो सूत्रानं पाण्याच्या दरात जावा. तो कंपनीवर टाकला तर ती बोलीत दुप्पट धरते आणि शेवटी आपणच भरतो.

सगळी जोखीम कंपनीवर टाकणारा करार सभेत टाळ्या मिळवतो. टेंडरला एकही बोली येत नाही.

पायरी ८: पैशाचा रस्ता बांधून घ्या

एस्क्रो खातं उघडा. गिऱ्हाइकाचे पैसे थेट त्यात येतील, पालिकेच्या मुख्य खात्यात जाणारच नाहीत. त्यातून आधी कर आणि चालवण्याचा खर्च, मग कर्जाचा हप्ता, मग राखीव निधी आणि उरलेलं पालिकेला व कंपनीला. हा क्रम बदलायला बँकेची संमती लागेल असं लिहा. दिवाळी बोनसच्या वेळी या खात्याकडे बोट दाखवणारे भेटतील, म्हणून हे आधीच बांधलेलं हवं.

शिवाय सहा महिन्यांच्या हप्त्याइतका राखीव निधी ठेवा. मध्य प्रदेशातल्या रेवाच्या ७५० मेगावॉट सौर प्रकल्पात २०१७ मध्ये पहिल्या वर्षासाठी युनिटला २.९७ रुपये असा दर आला, तो नुसत्या उन्हामुळे आला नाही. पैसे थकले तर आधी बँकेचं पतपत्र, मग वेगळा सुरक्षा निधी आणि त्यामागे राज्य सरकारची हमी, अशी तिहेरी सोय होती. ऊन सोलापुरातही तेवढंच आहे.

पायरी ९: नाल्यावरचे शेतकरी

हे प्रकरण सल्लागारांच्या अहवालात अर्ध्या पानात उरकतं आणि प्रकल्प इथेच अडतो. शहराच्या खालच्या अंगाला नाल्यावर मोटारी टाकून पाणी उचलणारे असतात. तुमच्या भाषेत ते सांडपाणी, त्यांच्या उसाला आणि मक्याला ते बारमाही पाणी. सगळं पाणी पाइपात घालून उद्योगाला दिलं की मोर्चा येणारच आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही.

म्हणून आधी गावनिहाय मोटारींची यादी करा, हंगामनिहाय किती पाणी उचलतात ते बघा, आणि नाल्यात ठरावीक पाणी सोडायचं की शेतकऱ्यांना शुद्ध पाण्याचा वाटा द्यायचा हे ग्रामसभेत ठरवा. तेवढं पाणी पायरी ३ च्या हिशोबातून वजा करा. पाइपलाइन जिथून जाते तिथले सातबारे, मोजणी आणि नुकसानभरपाई टेंडरआधी उरका. जागा ताब्यात नसताना काम दिलं तर उशिराचा दावा कंपनी पालिकेवरच लावते.

शहरातही सांगावं लागतं. लातूरमध्ये पाणीपुरवठ्याच्या खासगीकरणाला लोकांनी रस्त्यावर उतरून विरोध केला होता. आपला प्रकल्प नळाच्या पाण्याचा नाही, घरगुती पाणीपट्टी त्यानं वाढणार नाही, हे पहिल्या दिवशी वॉर्डात सांगा. उलट उजनीचं जेवढं गोडं पाणी उद्योगाकडून सुटेल ते नळाला यावं, असा ठराव सर्वसाधारण सभेत करून घ्या. निवडणुकीनंतर तोच कामी येतो.

पायरी १०: टेंडर आणि त्यानंतर

टेंडरआधी दोन-तीन खऱ्या कंपन्या आणि दोन बँका यांना कराराचा मसुदा वाचायला द्या, त्यांच्या हरकती लेखी घ्या आणि उत्तरं सगळ्यांना जाहीर करा. बोली एकाच निकषावर: घनमीटरचा सगळ्यात कमी दर, किंवा सगळ्यात कमी अनुदान. दोन्ही एकत्र ठेवले की निकालावर हायकोर्ट. पात्रतेच्या अटी एखाद्याला डोळ्यासमोर ठेवून लिहिल्या तर बाकीच्यांना ते वास घेऊन कळतं आणि एकच बोली येते.

‘हरित’ शिक्का हवा असेल तर सेबीच्या हरित कर्जरोख्यांच्या नियमांप्रमाणे पैसा कशावर खर्च झाला आणि पर्यावरणाला काय फायदा झाला हे दरवर्षी जाहीर करावं लागतं.  पायरी २ चे मीटर चालू ठेवले आणि किती घनमीटर गोडं पाणी वाचलं, घनमीटरमागे किती वीज लागली हे दर महिन्याला संकेतस्थळावर टाकलं की त्यातलं बरंचसं काम झालं.

कर्जाचे कागद झाल्यावर स्वतंत्र अभियंता नेमा, आणि त्याचा पगार पालिका आणि कंपनी दोघांनी अर्धा-अर्धा, एस्क्रोतून द्यावा. दर्जाचा नमुना कुठे घ्यायचा, कोण घेणार, कोणत्या प्रयोगशाळेत जाणार आणि निकाल पटला नाही तर दुसरा नमुना किती तासांत, हे कराराच्या परिशिष्टात सविस्तर लिहा. केंद्र सुरू झाल्यावर पहिल्या सहा महिन्यांतली बहुतेक भांडणं याच बाटलीवरून होतात, आणि ती मिटेपर्यंत गिऱ्हाईक बिल रोखून धरतं. म्हणून वाद चालू असतानाही निर्विवाद रकमेचं बिल १५ दिवसांत भरायचं, असं वेगळं कलम त्याच पानावर असू द्या.